जुन्या कॅम्परचे बांधलेले इंजिन किती उन्हाळे काढते

आमच्या कॅम्परचे, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीचे, इंजिन आजवर दोनदा बांधून (पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवून) झाले आहे. पहिल्या वेळी बांधलेले इंजिन २७,४०० किलोमीटर चालले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात घाटात बंद पडले. दुसऱ्या वेळी बांधलेल्या इंजिनाचे ८४,००० किलोमीटर झाले आहेत, त्याने नऊ उन्हाळे काढले आहेत आणि ते अजून सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. गाडी तीच, ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा) तोच, क्रँकही (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) तोच आणि चालवणारा मीच; तरीही दोन कामांत एवढा फरक का पडला, हे जुनी गाडी बाळगणाऱ्यांना कळावे म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. ज्या गॅरेजचे काम फसले त्याचे नाव लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. धुळ्याच्या ज्या मिस्त्रींचे काम टिकले, त्यांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, कारण हाताखालची माणसे कमी असल्याने आहेत ती कामेच त्यांना पुरून उरतात. म्हणून येथे परीक्षण आहे ते कामाचे, पाटीचे नव्हे.

गाडी म्हणजे २००२ सालची टेम्पो ट्रॅव्हलर, कंपनीचे नाव बजाज टेम्पो असतानाची. फोर्स मोटर्स हे नाव २००५ मध्ये आले. २०११ मध्ये मी ती जुनी घेतली आणि रावेरच्या एका सुताराकडून आत दोन पलंग, ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि सामानाचे कप्पे करून घेतले. तिच्यातले इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ या घराण्यातले आहे: चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९०.९ मिलिमीटर, टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी, ओतीव लोखंडाचे हेड आणि बाजूला उभा मायको कंपनीचा डिझेल पंप. संगणक नाही, सेन्सर नाहीत, टर्बो नाही. असे इंजिन पूर्ण खोलून पुन्हा नव्यासारखे करता येते आणि त्याचे सुटे भाग आजही मिळतात, म्हणूनच एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ आहे.

मात्र कॅम्परच्या इंजिनाला एक वेगळाच जाच असतो, तो प्रवासी ट्रॅव्हलरच्या मालकांच्या लवकर लक्षात येत नाही. प्रवासी उतरले की गाडी हलकी होते. कॅम्परचे वजन कधीच उतरत नाही. पलंग, पाणी, जादा बॅटरी, गॅस सिलिंडर आणि भांडीकुंडी घेऊन ती घाट चढते, घाट उतरते आणि सपाटीवरही तेवढेच ओझे ओढते. त्याउलट वर्षातले कित्येक आठवडे ती शेडमध्ये नुसती उभी असते. म्हणजे चालते तेव्हा पूर्ण ताकदीने चालते आणि थांबते तेव्हा महिनाभर थांबते. या दोन्ही गोष्टी इंजिनाला मानवत नाहीत.

पहिले काम डिसेंबर २०१४ मध्ये झाले. तेव्हा गाडी दर पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत होती आणि ब्रीदरच्या (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीतून चहाच्या किटलीसारखी वाफ येत होती. जवळच्या एका गॅरेजने आठ दिवसांत आणि ५८,००० रुपयांत इंजिन बांधून दिले: बोअर ०.५० मिलिमीटरने वाढवला, नवे पिस्टन आणि त्यांच्याभोवतीच्या रिंगा घातल्या, क्रँक घासून बेअरिंग बदलले. गाडी चालू झाली, धूर गेला, ओढ परत आली आणि मी समाधानाने पैसे मोजले. पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे तोंड) तपासले नाहीत, रेडिएटर जुनाच ठेवला आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लागत नाही’ असे मला सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

मे २०१६ मध्ये वेरूळला जाताना चाळीसगाव सोडून आम्ही कन्नडचा घाट चढू लागलो. दुपारचे बारा वाजले होते, गाडीत आई, पत्नी आणि दोन मुले होती. दुसऱ्या वळणानंतर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तिसऱ्या वळणावर ओढ अचानक कमी झाली आणि कोणी आतून ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी जड झाली. क्लच दाबताच इंजिन बंद पडले. बॉनेट उघडले तेव्हा पाणी उकळत होतेच, पण त्याहून वाईट होता तो जळक्या ऑइलचा दर्प; तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आईला झाडाच्या सावलीत बसवून आम्ही दोन तास थांबलो, पुढे गाडी दुसऱ्या गाडीला बांधून चाळीसगावला उतरवली आणि दुसऱ्या दिवशी टोचन करून धुळ्याला नेली.

धुळे निवडण्यामागे कारण होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही मार्ग तेथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या इंजिनांचे काम करणारे लेथवाले, क्रँक घासणारे, पंपवाले आणि रेडिएटरवाले या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जेथे रोज ट्रकचे ब्लॉक येतात तेथे मोजमापाची साधनेही असतात आणि ती वापरणारे हातही असतात.

मिस्त्रींनी इंजिन माझ्यासमोर खोलले. त्यांनी आधी माझे बोट धरून पहिल्या सिलिंडरच्या वरच्या कडेवरून फिरवले. नख अडकावे एवढा उंचवटा तेथे तयार झाला होता, म्हणजे केवळ २७,४०० किलोमीटरमध्ये रिंगांनी भिंत खाल्ली होती. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाजूने उभा ओरखडला होता आणि त्याची वरची रिंग दोन ठिकाणी तुटली होती. परंतु खरा पुरावा बेअरिंगांत सापडला. मेन बेअरिंगचे अर्धे कवच त्यांनी उन्हात तिरपे धरले, तेव्हा त्या मऊ राखाडी धातूत रुतलेले बारीक चकचकीत कण मला उघड्या डोळ्यांनी दिसले. ते होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरची भिंत घासून तिच्यावर बारीक रेघा पाडण्याच्या, दगडाचे कण होते. पहिल्या गॅरेजने बोअर करून होनिंग केल्यावर ब्लॉक डिझेलने धुतला होता. डिझेलने तेलकटपणा जातो, पण होनिंगच्या रेघांत अडकलेली कुरुंदाची पूड तशीच राहते. ती पूड ऑइलबरोबर फिरत राहिली आणि नव्या रिंगांना, नव्या बेअरिंगांना पहिल्या दिवसापासून घासत राहिली.

ज्या गोष्टीसाठी मी या दुसऱ्या कामाला पैकीच्या पैकी गुण देईन ती नेमकी येथे आहे. ब्लॉकमध्ये चार ड्राय स्लीव्ह (सिलिंडरचे नवे अस्तर) दाबून बोअर पुन्हा स्टँडर्ड मापाला आणला, तिरप्या रेघांचे होनिंग केले, आणि मग त्यांच्याकडच्या दोन मुलांनी गरम पाणी, कपड्याचा साबण आणि बाटली धुण्याच्या लांब ब्रशने तो ब्लॉक सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत धुतला. मिस्त्री अधूनमधून येत, पांढऱ्या धोतराचा तुकडा ऑइलमध्ये बुडवून सिलिंडरच्या आतून फिरवत आणि त्यावर करडी छटा दिसली की काही न बोलता पुन्हा ब्रशकडे बोट दाखवत. पाचव्या खेपेला कापड पांढरे निघाले, तेव्हा लगेच सगळीकडे ऑइल लावून ब्लॉक प्लॅस्टिकखाली झाकला गेला. या कामासाठी बिलात वेगळी ओळ नसते, आणि गिऱ्हाईक समोर नसेल तर ते झाले की नाही हेही कळत नाही. तरी माझ्या मते बांधलेल्या इंजिनाच्या आयुष्याचा निम्मा निकाल याच सकाळी लागतो.

मोजमापाच्या बाबतीतही फरक स्पष्ट होता. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा सहा ठिकाणी डायल गेजने मोजून आकडे वहीत लिहिले. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली. एका रिंगेची फट कमी भरली तेव्हा ती बारीक कानशीने घासून पुन्हा बसवली. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने आवळले. टॅपेटची (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर ठेवली: इनटेकची ०.१० आणि एक्झॉस्टची ०.३० मिलिमीटर. या इंजिनात ही फट चालता चालता वाढत नाही, उलट वॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल बसत गेल्याने कमी होत जाते. म्हणून टॅपेटचा आवाज येत नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा घेऊ नये. एक्झॉस्ट वॉल्व्ह पूर्ण बंद झाला नाही तर तो जळतो आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) जाते.

आता पाण्याविषयी. रावेर परिसरात केळी लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की बोअरवेलच्या जड पाण्याने ठिबकच्या नळ्या क्षाराने बुजतात आणि त्यांना आम्लाची प्रक्रिया द्यावी लागते. मी स्वतः दरवर्षी ती देतो. असे असूनही त्याच विहिरीचे, त्याच बोअरवेलचे पाणी मी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतत आलो होतो. जुना रेडिएटर कापला तेव्हा खालच्या निम्म्या नळ्या पांढऱ्या थराने बंद झालेल्या निघाल्या. इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर सांभाळून हात फिरवला तर काही पट्टे थंड लागतात, ते पट्टे म्हणजे बुजलेल्या नळ्या; एवढी सोपी तपासणी मला आधी कोणी सांगितली असती तर घाटातला तो दिवस टळला असता.

थर्मोस्टॅटबद्दलचा गैरसमज तर खानदेशात घरोघरी आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते असे सर्रास मानले जाते. परंतु या इंजिनाचा थर्मोस्टॅट दोन कामे करतो. ८० अंशांच्या आसपास तो रेडिएटरची वाट उघडतो आणि तापमान वाढत जाते तसतशी, इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारी आडवाट बंद करत आणतो. तो काढून टाकला की आडवाट कायमची उघडी राहते, पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न शिवता तसाच गरम परत येतो, आणि नेमके घाटात, जेव्हा थेंबन्‌थेंब पाणी रेडिएटरमधून जायला हवे तेव्हा गाडी उकळते. हिवाळ्यात उलट घडते: इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि भिंतींची झीज वाढते. मिस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो पातेल्यात पाण्यात उकळून उघडतो की नाही ते पाहिले. रेडिएटरचा गाभा, पाण्याचा पंप, होजपाइप आणि झाकण नवे घातले, शुद्ध केलेल्या पाण्यात कूलंट मिसळून भरले आणि मला अहिराणीत बजावले: “भाऊ, इंजिन आम्ही बांधी देसूत, पन पानी तुमले देखनं पडी.” ते मी आजपर्यंत पाळले आहे, दर दोन वर्षांनी कूलंट बदलतो.

पंपवाल्याकडे पंप आणि नोझल दिले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचे नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडत असल्याचे दिसले. अशी धार भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि पिस्टनचा माथा जाळते. तिसराच पिस्टन का पकडला गेला, याचे उत्तर तेथे मिळाले. एअर क्लिनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंतचा) रबरी पाइपही खालच्या बाजूने चिरलेला होता. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर उडणारी धूळ त्यातून थेट इंजिनात जात होती.

एकूण खर्च १,३२,००० रुपये आला. त्यात सुटे भाग ६२,०००, मजुरी २२,०००, लेथ आणि मशीनकाम १८,०००, पंप-नोझल १६,००० आणि रेडिएटर-पाणीपंप १४,००० रुपये होते. २०१६ च्या मानाने ही रक्कम माझ्यासाठी मोठी होती आणि तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल असे सांगणारे नातेवाईक बरेच होते. कामात उणिवाही राहिल्या. बारा दिवसांचा वायदा होता आणि एकतीस दिवस लागले. विचारणा केल्यावर प्रत्येक वेळी ‘परवा’ हेच उत्तर मिळाले. बिलावर भागांचे क्रमांक नव्हते, त्यामुळे पिस्टन आणि रिंगा कोणत्या कंपनीच्या आहेत हे मला रिकामी खोकी मागून घेऊन लिहून ठेवावे लागले. क्रँकच्या मागच्या सीलचे (ऑइल गळू न देणाऱ्या भागाचे) काम माझ्या मते घाईत झाले, त्याविषयी पुढे लिहितो.

रनिंग-इनच्या (नवे बांधलेले इंजिन सुरुवातीला चालवून रुळवण्याच्या) सूचना लेखी मिळाल्या आणि त्या नेहमीच्या ऐकीव सूचनांपेक्षा वेगळ्या होत्या. आपल्याकडे नवे इंजिन तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवण्याची पद्धत आहे. त्याने रिंगा बसत नाहीत, उलट भिंती गुळगुळीत होऊन ऑइल कायमचे वर येत राहते. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या जळत्या वायूच्या दाबाने, आणि तो दाब इंजिनावर भार असतानाच येतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून गाडी रस्त्यावर काढायची, वेग सतत कमी-जास्त करत राहायचा, वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही आणि फार ताणायचीही नाही. पहिले ऑइल ५०० किलोमीटरला आणि दुसरे १,५०० ला बदलले, टॅपेट पुन्हा पाहिले. त्या वेळी गरम इंजिनावर हीटर प्लगच्या भोकांतून मोजलेले कॉम्प्रेशन २३, २३, २२.५ आणि २३ बार (दाबाचे एकक) भरले. या इंजिनाला २२ ते २४ बार उत्तम समजले जाते, १५ च्या खाली ते थकले असे मानतात, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारच्या आत असावा लागतो.

या नऊ वर्षांत गाडी तोरणमाळला चार वेळा चढली आहे, लळिंग आणि बिजासनचे घाट तर मोजलेले नाहीत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ती दरवर्षी आमचे घर असते. गेल्या डिसेंबरात घेतलेले आकडे २१, २०.५, २१ आणि २० बार होते. ऑइल सुरुवातीला ७,५०० किलोमीटरमध्ये अर्धा लिटर लागे, आता ४,००० ला एक लिटर लागते. ब्रीदरला बोटभर वाफ दिसते, त्याहून अधिक नाही. घाटात काटा वर जातो, पण टेकडी उतरली की जागेवर येतो.

सगळ्यात कठीण परीक्षा मात्र रस्त्यावर नव्हे, उभ्या जागी झाली. मार्च २०२० पासून गाडी सात महिने शेडमध्ये अडकली. असे थांबलेले इंजिन थेट सेल्फ मारून चालू करू नये. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे ऑइल सोडले, रात्रभर ठेवले, सकाळी पाना लावून क्रँक हाताने फिरवला आणि मगच नोझल बसवले. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी सावद्यापर्यंत जाऊन येतो, इंजिन पुरते तापेल आणि ऑइलमध्ये साचलेला ओलावा उडून जाईल एवढे अंतर. शेडमध्ये पाच मिनिटे चालू करून बंद केल्याने तो ओलावा उडत नाही, उलट वाढतो. ऑइल मी किलोमीटर भरोत न भरोत वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलतो.

याच घराण्याच्या इंजिनाचे दुसरे टोक पाहायचे असेल तर ग्रीसमधील थेस्सालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रिगोरिओस साखिनिदिस यांची मर्सिडीज २४० डी आठवावी. तिने ४६ लाख किलोमीटर केले आणि २००४ मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयाकडे गेली. त्यांनी इंजिने दुरुस्त करून आलटूनपालटून बसवली होती, म्हणजे ते सारे अंतर बहुतांशी बांधलेल्या इंजिनांचेच होते. टॅक्सीचे इंजिन दिवसभर गरम असते, थंड सुरुवाती कमी असतात, ऑइल वेळेवर बदलते. आमच्या कॅम्परला तसे आयुष्य मिळणार नाही. म्हणून कोणी मला किलोमीटर विचारले तर मी एवढेच सांगतो की नीट धुतलेले, नीट मोजलेले आणि नव्या रेडिएटरसह बांधलेले हे इंजिन कॅम्परमध्ये दीड लाखापर्यंत जावे अशी माझी अपेक्षा आहे; आणि जुन्या रेडिएटरवर बांधलेले इंजिन दोन उन्हाळ्यांपलीकडे जाईल असे मी कोणाला सांगणार नाही.

काम द्यायचे असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर द्यावे, म्हणजे रनिंग-इन थंड हवेत होते. मूळ ब्लॉक शक्यतो सोडू नये. त्यावरचा इंजिन क्रमांक नोंदणीशी जुळत राहतो आणि नूतनीकरणाच्या तपासणीत अडचण येत नाही. दुसरे तयार इंजिन बसवले तर तो बदल मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंदवून घ्यावा लागतो.

राहिला तो मागचा सील. या इंजिनाला तेथे दोरीचा सील असतो, तो खाचेत नीट दाबून, टोके मापाने कापून बसवावा लागतो. आमचा सील टाळेबंदीनंतर झिरपू लागला आणि आता रात्रीतून गाडीखाली हाताच्या तळव्याएवढा डाग पडतो. धुळ्याला दोनदा दाखवला. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्रँक सैल करावा लागेल, आणि चालत्या इंजिनाला एवढ्यासाठी हात लावू नये असे मिस्त्रींचे मत पडले. मला ते पटले आहे. गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला आहे आणि दर रविवारी डिपस्टिक पाहतो.